मुडद्या, ऊठ की

“उठलं का रे?” मामीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“नाही अजून.”

“मग तू तरी ऊठ. च्या निवाय लागलाय.”

मी टेबलाखाली उताणा पडलो होतो. हनुवटीखाली टॉर्च दाबलेला, हातात वायर आणि टाळक्यावर कोळ्याचं जाळं. टेबलावर मीच जोडून दिलेला कॉम्प्युटर गाढ झोपला होता. समोरच्या पलंगावर रंगरावमामा डाव्या हातात रिमोट धरून बटणं दाबत होते. दाबून दाबून कंटाळले की काठीने माझ्या पोटरीला टोचत होते.

“मामा, दोन मिनिटं थांबा.”

“ब्ब,” मामा म्हणाले.

तेव्हा त्यांच्याकडे एवढंच होतं. ब्ब. पाणी पाहिजे तरी ब्ब आणि मी गाढव आहे हे सांगायचं असलं तरी ब्ब. दुसरं ब्ब मला बरोबर कळायचं.

मामांना तुम्ही आधी ऐकलेलं नाही, म्हणून सांगतो. रंगराव जगताप म्हणजे विट्याच्या एसटी स्टँडचा आवाज. वाहतूक नियंत्रक म्हणून ते त्या खिडकीत बसायचे आणि माईकवरून गाड्या पुकारायचे. माईक नुसता नावाला. “मायणीमार्गे दहिवडीला जाणारी” असं त्यांनी म्हटलं की तिकडे लांब मायणीतल्या माणसाने चहाचा कप खाली ठेवावा. दोन गाड्यांच्या मधे ते माईक बंद करायला हटकून विसरायचे, आणि मग कुठल्या कंडक्टरचा बाप कोण होता याची चर्चा सगळा स्टँड फुकटात ऐकायचा. शिव्या देण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. आम्हा भाच्यांना तर त्यांनी नावाने कधी हाक मारलीच नाही. मी उम्या नव्हतो, मी ‘बिनकामाचा’ होतो.

रिटायर झाले आणि एका आषाढात सकाळी तोंड धुताधुता कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढे येत नव्हते. सांगलीला एक बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे मीच घेऊन गेलो. तरुण पोरगी, पण स्पष्ट बोलली. “यांना बोलायची गरज पडू द्या. सगळं आयतं हातात देऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येईल, तेवढंच आपलं समजा.”

येताना गाडीत मामा मागच्या सीटवर झोपले होते. शालनमामी माझ्या शेजारी बसून रडत होती. “सगळी म्हणत्यात जीव वाचला, देवाची कृपा. वाचला रे. पण माझ्याशी भांडायला कोण ऱ्हायलं न्हाई घरात.”

मी गाडी चालवत राहिलो. 

बाईंचा सल्ला मामीला पटला होता, पण जमत नव्हता. सगळा संसार तिने नवऱ्याच्या नजरेवर केलेला. मामांनी तांब्याकडे बघितलं की ती पाणी आणायची. पंख्याकडे बघितलं की बटण दाबायची. बोलायची गरज पडणार कधी? श्रावण गेला, गणपती आले, तरी आमचं ब्ब ते ब्बच.

मी तेव्हा कऱ्हाडच्या पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे पोरांना पकडून लिनक्स शिकवायचो, त्यांना पाहिजे असो वा नसो. कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण फुकटची, मोकळी, कुणाच्या बापाची मिंधी नसलेली. याच्यावर मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोललेलो आहे. मामा धडधाकट असताना म्हणायचे, “फुकट ते पौष्टिक म्हणत्यात, पण तुझं फुकटचं बघून भूक मरती.” तेव्हा मामांसाठी काही करायचं म्हटल्यावर मी दुसरं काय करणार? लॅबमधून मोडीत निघालेलं एक मशीन आणलं, त्यात लिनक्स घातलं, सगळ्या जत्रांमधल्या कुस्त्यांची रेकॉर्डिंग भरली आणि हातात एक रिमोट दिला. मशीनच्या पुढच्या तोंडावर, बरोबर मधोमध, रिमोटचा उजेड टिपणारा काळा चकचकीत डोळा चिकटवला. त्याची वायर मागे यूएसबीत खोचली. म्हटलं, एक गोष्ट तरी हा माणूस कुणाला न विचारता स्वतःची स्वतः करेल.

अडचण एकच निघाली. मशीन दिवसभर चालू ठेवलं तर पंखा घरघरायचा, मामांना झोप लागायची नाही. म्हणून कुस्ती संपली की मशीन आपोआप झोपी जाईल असं करून ठेवलं. ते झोपायचं मस्त. रिमोटने उठायचं मात्र नाव नाही. उठवायला पेटीवरचं बटण दाबावं लागायचं आणि बटण दाबायला मामी लागायची. मग रिमोट काय पाठ खाजवायला दिला होता?

तर त्यासाठी मी टेबलाखाली होतो.

“सापडलं,” मी बाहेर येत म्हटलं.

“काय झालंतं?” मामी चहा घेऊन आली.

“मशीन झोपताना घराची दारं लावून घेतं, मामी. ज्या दारातनं रिमोटची हाक येणार, तेच दार त्यानं लावून घेतलं होतं. मी उघडून दिलं.”

“आणि चोर आला म्हंजे?”

मी कीबोर्डवर जिथे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं होतं तिथे ‘एनेबल्ड’ केलं. मशीन झोपवलं. मामांनी रिमोट दाबला. पडदा उजळला, हलगी वाजायला लागली. मामांनी डावा अंगठा वर केला. मी कऱ्हाडला गेलो तो हवेत.

दुसऱ्या दिवशी लाईट जाऊन आली आणि मशीन आपलं शिकवलेलं सगळं विसरलं. परत गेलो, दार कायमचं उघडं राहील असा नियम लिहिला. आणि उत्साहाच्या भरात एकाऐवजी सगळीच दारं उघडली. मग टेबलाला धक्का लागला, माऊस थरथरला, की मशीन उठायचं. मामी भर दुपारी पलीकडे चटणी कुटायला बसली की इकडे धडाधड हलगी आणि “उजव्या कोपऱ्यात लाल लंगोट”. मामा झोपेतून दचकून उठायचे. मामीने फोनवर मला जे सुनावलं, ते ऐकून वाटलं की मामांच्या शिव्या वाया गेलेल्या नाहीत, घरातच राहिल्यात. पुन्हा गेलो, रिमोटचं तेवढं दार उघडं ठेवून बाकीची लावली. त्यानंतर मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं. मामा एकटे कुस्त्या लावायचे, एकटे बंद करायचे. मी लॅबमधल्या पोरांना हे उदाहरण म्हणून शिकवलं.

मग दसरा झाला आणि फोन आला.

“उठत न्हाई म्हणं मशीन,” मामी म्हणाली. “मामा खुणा करत्यात, उम्याला बोलीव म्हणून. ये सवडीनं. घाई न्हाई.”

मी घाईने गेलो. रिमोट दाबला, मशीन उठलं. झोपवलं, दाबला, उठलं. मामा ते बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

“आता तर चालतंय, मामा.”

“ब्ब.”

हे ब्ब माझ्यासाठी होतं.

मी परत पोचतोय न पोचतोय तोवर पुन्हा फोन. उठत न्हाई म्हणं. सवडीनं ये. पुन्हा गेलो, पुन्हा चाललं. मी सेल बदलले. वायर बदलली. खिडकीतल्या उन्हाने डोळा दिपत असेल म्हणून पडदा लावला. ट्यूबलाईटचा संशय घेऊन ती काढली आणि साधा बल्ब लावला, तर मामी म्हणाली, देवळात बसल्यासारखं वाटतंय. मशीनच्या पोटातल्या नोंदी चाळल्या. त्यांच्या मते मशीन वेळच्या वेळी झोपत होतं आणि रिमोटनेच उठत होतं. माझ्यासमोर साव आणि माझी पाठ वळली की चोर.

“उम्या,” मामी एकदा भाजी निवडत म्हणाली, “चांगलं इकतचं काय मिळत न्हाई का रे त्यात घालायला?”

मामी तोंडावर पदर धरून बसली होती. मला वाटलं तिला वाईट वाटतंय. मलाच इतकं वाईट वाटत होतं की तिच्याकडे नीट बघितलं नाही. आता वाटतं बघायला हवं होतं. त्या पदराला लाल डाग होता, तो मी तिखटाचा समजलो.

जीव खरा वेगळ्याच गोष्टीने खालीवर होत होता. दिवाळी होऊन गेली होती. सांगलीच्या बाईंनी दिलेल्या महिन्यांतले बरेच संपले होते आणि मामांकडे माझ्यासाठी ब्बशिवाय काही नव्हतं. वाचा तर आपल्या हातात नाही. रिमोट हातात होता, आणि तोही मला चालू ठेवता येत नव्हता.

एकदा विट्याच्या कॉलेजात परीक्षेचं काम निघालं. दुपारीच मोकळा झालो. न कळवता मामांकडे गेलो. अंगणात चपला काढतोय, तेवढ्यात आतून आवाज आला.

“मुडद्या.”

मी एक चप्पल हातात घेऊन उभा राहिलो.

“मुडद्या... ऊठ की.”

आवाज जाड होता, शब्द ओल्या पोत्यासारखे ओढत आणलेले. पण मायणीपर्यंत जायचा तोच आवाज.  मी तिथेच तुळशीच्या कट्ट्याला टेकलो.

“शालन.”

“काय हो?” मामी आतून म्हणाली.

अंगणातून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. मामी दाराच्या आड भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात भांडं नव्हतं, विळी नव्हती, काही नव्हतं.

“ह्यो... ह्यो मुडदा...”

“काय म्हणताय? भांड्यांच्या आवाजात ऐकू येत न्हाई मला. नीट बोला.”

“उठत... न्हाई.”

“कोण उठत न्हाई?”

आतून मामांचा श्वास ऐकू आला. दम गोळा करत असावेत.

“तुझा... बा.”

मामीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मग तोंड पुसून, चेहरा तिरसट करून ती बाहेरच्या खोलीत गेली. मी दारातून बघितलं. मशीनच्या पुढे जाऊन तिने धूळ पुसल्यासारखं पदराने त्याचं तोंड पुसलं आणि बाजूला झाली. “दाबा बघू आता.”

हलगी वाजायला लागली.

तिने वळून मला बघितलं. ओठांवर बोट ठेवलं आणि दंडाला धरून मला मागच्या दाराने न्हाणीपाशी नेलं. तिच्या पदरावर ओल्या कुंकवाचा ताजा डाग होता.

“मामी, हे काय आहे?”

“कुकू.”

“ते दिसतंय.”

“खंडेनवमीला पूजा केली रं. मिक्सरला लावलं, फ्रिजला लावलं, शिवणाच्या मशीनला लावलं. म्हटलं ह्यानं तर कुठं घोडं मारलंय? कपाळ मधोमध दिसलं तिथं लावलं. ठसठशीत, तेलात कालवून.”

ते कपाळ म्हणजे रिमोटचा डोळा. मी डोक्याला हात लावला.

“मी दूध तापवत होते,” मामी म्हणाली. “ह्यांनी रिमोट दाबला, उठंना. परत दाबला, उठंना. मग हाणला भिंतीवर आणि म्हणाले, मुडद्या. दूध उतू गेलं, उम्या. मी बघत उभी ऱ्हायले. आषाढापासनं पैला शब्द. शिवी का असंना.”

“आणि मग?”

“मग मला उमगलं, सांगलीची पोरगी काय म्हणत होती ते. गरज पडाय पायजे. मी पाण्यावाचनं ठिवू त्यास्नी? औशदावाचनं? माझ्यानं व्हतंय व्हय? पण कुस्तीवाचनं कोण मरत न्हाई. रोज अंघोळ झाली की मशीनला कुकू लावते. त्यांनी मला बोलावलं की पुसते. आधी नुसतं मुडद्या म्हटलं तरी जायचे. आता सगळं वाक्य झाल्याबिगार जात न्हाई.”

“मला का नाही सांगितलंस? दोन महिने मी...”

“तू दुरुस्त केलं असतंस.”

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

“तू येणार कळलं की आधीच पुसून ठिवायचे,” ती म्हणाली. “आणि तुझ्यापुढं ते बोलत न्हाईत. माईकवर बोललेला माणूस. अर्धंमुर्धं चारचौघांत त्यास्नी खपत न्हाई.”

“अगं, पण ते समोरच असतात. त्यांना कुंकू दिसत नाही?”

मामीने माझी कीव केली. “लगीन झाल्यापासनं मी नवं लुगडं नेसले तर कंदी दिसलं न्हाई त्यास्नी. एवढंसं कुकू दिसतंय?”

तिने पदर हातात घेतला. पदरावरचा डाग बघत राहिली.

“कुकू पुसू न्हाई म्हणत्यात. मी दिवसातनं कितींदा पुसते. देवाला सांगून ठिवलंय, माझं राहावं म्हणून त्याचं पुसते.”

मी आत गेलो. मला बघताच मामांचं तोंड मिटलं. त्यांनी डाव्या हाताने रिमोट माझ्यापुढे धरला, मशीनकडे रोखला आणि भुवया उंचावल्या. अर्थ सरळ होता: होणार आहे का तुझ्याच्याने?

मी कीबोर्ड घेऊन बसलो. काहीबाही टाइप केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली की माणसं गप्प बसतात, हा माझा अनुभव. दारात मामी उभी होती. मी मान हलवली, सुस्कारा सोडला आणि आयुष्यात कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं ते म्हटलं.

“मामा, खोट लिनक्समध्येच आहे. हे मुळातच असं आहे. कुणाच्या बापाला दुरुस्त होणार नाही. उठलं तर उठलं, नाहीतर मामीला हाक मारायची.”

पंगतीपंगतीत ज्याचे गोडवे गायले, त्याच्याबद्दल हे असं. तोंड कडू झालं माझं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. जबडा हलायला लागला. मान थरथरली. मी मनात म्हटलं, या, मामा, या.

“बिन...” ते म्हणाले. “बिन... कामाचा.”

इतकं गोड मला कुणी कधी बोललेलं नाही. मी पायाला हात लावायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो, कारण डोळे पुसायचे होते.

पुढे होळीपर्यंत मामा वाक्यंच्या वाक्यं बोलायला लागले. काठी घेऊन अंगणात आले. सांगलीच्या बाईंनी त्यांना गाडी पुकारायला लावली, तर त्यांनी दहिवडी सोडून थेट सोलापूर पुकारलं. उजवा हात काही आला नाही, पण वाचा आली, आणि आली ती माझ्यावर खर्च झाली. भावकीतल्या एकूण एक लग्नात ते खुर्चीत बसून सांगायचे, “ह्यो माझा भाचा. कऱ्हाडात पोरास्नी कॉम्प्युटर शिकवतोय. एक मशीन झोपेतनं उठवाय आलं न्हाई बेण्याला.” लोक हसायचे. मामी पदर तोंडाला लावायची. मी जिलेबी खायचो. कितीदा जिभेवर आलं की सांगून टाकावं, पण मामीची नजर माझ्यावर असायची.

गेल्या मार्गशीर्षात मामी गेली. चार दिवसांचा ताप, आणि गेली. मामा मागे राहिले, मामी गेली ती कपाळावर कुंकू घेऊनच. देवाने तिचं ऐकलं म्हणायचं.

तेरावं झालं, माणसं पांगली. मी मामांच्या पलंगाशेजारी बसलो होतो. समोर टेबलावर तेच मशीन होतं. आतलं सगळं मी दोनदा बदललेलं, पण पेटी तीच. काळ्या डोळ्याभोवतीचं प्लास्टिक गुलाबी पडलेलं. मला वाटलं, आता या माणसाला खरं कळायला पाहिजे. तिने केलं ते कुणाला तरी माहीत असायला पाहिजे.

“मामा, एक सांगू का? त्या वेळी हे मशीन बिघडलेलं नव्हतं.”

“कुकू,” मामा म्हणाले.

मी पलंगाकडे सरकलो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझी वाचा गेलती, उम्या. डोळं न्हाईत.”

“कधी कळलं?”

“दुसऱ्याच दिवशी. माझ्याम्होरं बसून लावायची की. मला वाटलं, ही अशी का कराय लागली? मग बघितलं, मी शिवी दिली की ती आत हसती. आषाढापासनं हसली नव्हती ती.” मामा थांबले. लांब बोललं की अजून त्यांना दम लागायचा. “म्हटलं, देऊया अजून एक. मग एकानं भागंना. मग वाक्य कराय लागलो.”

“आणि मला कशाला बोलावून घेत होता? दरवेळी कऱ्हाडातनं?”

“तुला बोलावलं नसतं तर तिला कळलं नसतं व्हय, मला कळलंय म्हणून?”

मला हसू आलं आणि मधेच रडू फुटलं. मामांनी डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. बाहेर कुणीतरी मांडवाचे बांबू उतरवत होतं.

“तिला मरेपर्यंत वाटत होतं तुमचं लक्ष नसतं,” मी म्हटलं. “म्हणायची, नवं लुगडं नेसलं तरी दिसत नाही.”

मामा मशीनकडे बघत होते.

“पैल्यांदा कुकू लावलं त्या दिवशी हिरवं इरकल नेसली होती,” ते म्हणाले. “नवं. काठ लाल होता. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर मुडद्या आलं.”

मग त्यांनी रिमोट उचलून माझ्या हातात दिला.

“लाव आता कुस्ती, बिनकामाच्या. पुसायला कोण न्हाई.”